टोपी काढून बस, भो

"ताई नमस्कार. मी भडगाव तालुक्यातला, वय २९, एका फायनान्स कंपनीत कलेक्शनला आहे, हातात २१ हजार येतात. तीन वर्षांपासून केस जाताय, पुढून बरंच मोकळं झालंय, आता टोपीशिवाय घराबाहेर पडत नाही. दोन स्थळं झाली, एका ठिकाणी मुलीच्या मामांनी सगळ्यांसमोर टोपी काढायला लावली आणि चार दिवसांनी नकार, दुसऱ्यांनी तर कारणच सांगितलं नाही. मार्चमध्ये असिस्टंट ब्रँच मॅनेजरसाठी इंटरव्ह्यू झाला, तिथे माझ्यापेक्षा दोन वर्षं ज्युनियर पोराला घेतलं, दिसायला स्मार्ट आहे, केस एकदम हिरोसारखे. मॅडमनी एसएमएचं काहीतरी विचारलं, थकलेल्या हप्त्यांचे गट असतात ते, त्यात मी जरा अडखळलो पण बाकी चांगला गेला होता. पुण्याच्या एका क्लिनिकने ट्रान्सप्लांटला अडीच हजार ग्राफ्ट, म्हणजे मुळासकट केसांचे पुंजके, सांगितलेत, ९५ हजार, बारा महिन्यांचा इएमआय. आई म्हणते घरात कापूस पडलाय, भाव आला की विकू आणि भरू. उन्हात फिरून काळा पण पडलोय, मेडिकलवाल्याने एक ट्यूब दिली ती रोज रात्री लावतो, आठ दिवसांत फरक दिसला. मित्रांच्या लग्नाला जात नाही, फोटो काढतात म्हणून. पुडी थोडीफार, बाकी व्यसन नाही. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आसपास चुलतभावाची हळद आहे, जाऊ का नको तेच कळत नाहीये. केस आले की सगळं लायनीवर येईल असं वाटतं. करू का ट्रान्सप्लांट?"

भाऊ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन घेऊन. सवय आहे ती. बावीस वर्षं जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात माणसं घ्यायचं काम केलंय, त्यामुळे माणूस काय रंगवून सांगतो यापेक्षा काय अर्ध्या ओळीत उरकतो तिकडे माझी नजर आधी जाते. तुझ्या पत्रात अशा तीन अर्ध्या ओळी आहेत, ट्यूब, पुडी आणि एसएमए. केसांना तू अख्खा पॅरेग्राफ दिलाय आणि मला विचारशील तर या तिघींपुढे केसांचा नंबर चौथा लागतो.

उत्तर आधी सांगून टाकते म्हणजे तुझा जीव टांगणीला नको. ट्रान्सप्लांट आत्ता करू नको, आणि इएमआयवर तर नकोच नको. कधीच करू नको असं म्हणत नाहीये, का ते पुढे येईल.

आणि "दिसण्यात काय ठेवलंय रे, मन चांगलं पाहिजे" असलं काही मी तुला म्हणणार नाही, कारण ते खोटं आहे आणि तुला पण माहितीये. दिसण्याने फरक पडतो. हॅमरमेश आणि बिडल म्हणून दोन अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी १९९४ साली हे मोजून दाखवलं, दिसायला सरासरीपेक्षा कमी समजल्या जाणाऱ्यांना सरासरी दिसणाऱ्यांपेक्षा ५ ते १० टक्के कमी पगार मिळत होता, मग काम कोणतंही असो. त्याच्याही आधी १९२० मध्ये थॉर्नडाइक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने लष्करातले अधिकारी आपल्या हाताखालच्या जवानांना मार्क कसे देतात ते तपासलं होतं, तर ज्याची शरीरयष्टी चांगली त्याला बुद्धीला पण जास्त मार्क, नेतृत्वाला पण जास्त, स्वभावाला पण जास्त, सगळं एकाच चमच्याने वाढलेलं. मी स्वतः टेबलाच्या पलीकडे बसलेय आणि माझ्याकडून पण हे झालंय, कबूल करते, पोरगा आत आला की पहिल्या मिनिटात मन अर्धं ठरवून मोकळं होतं आणि पुढचा वेळ आपण त्याची कारणं शोधत बसतो.

पण आता यातली मजा ऐक. वाँग आणि पेनर या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये अमेरिकेतल्याच हजारो तरुणांची माहिती घेऊन बघितलं, की चांगल्या दिसणाऱ्यांना जे जास्त पैसे मिळतात ते नेमके कशाचे. देवाने दिलेल्या नाकडोळ्याचे का नीट राहण्याचे? तर बायकांच्या बाबतीत जवळजवळ सगळा फरक टापटिपीचा निघाला आणि पुरुषांच्या बाबतीत निम्म्याच्या आसपास. अमेरिका म्हणजे भडगाव नाही हे मान्य, पण माझ्या टेबलासमोरून गेलेली माणसं आठवली तर मला हे शंभर टक्के पटतं.

एक पोरगा आठवतो, पारोळ्याकडचा होता, स्टोअर कीपरच्या जागेसाठी आला होता. शर्ट नवा कोरा, इतका नवा की पाकिटातल्या घडीच्या रेघा तशाच छातीवर, आणि कॉलरच्या आत ती प्लॅस्टिकची पट्टी पण राहून गेलेली, बोलताना सारखी त्याच्या मानेला टोचत होती आणि तो मान वाकडी करत होता. दिसायला देखणा पोरगा हां. त्याच्यानंतर जो आला तो काळासावळा, बुटका, एका डोळ्यात थोडा तिरळेपणा, पण शर्ट जुना असून इस्त्रीचा, नखं कापलेली, आणि बसायच्या आधी त्याने खिशातला कागदांचा गठ्ठा आणि मोबाइल काढून पायाजवळच्या पिशवीत ठेवला. एवढंच. आमच्या साहेबांना पाच मिनिटांत तो आवडला आणि नंतर विचारलं तर म्हणे "पोरगा व्यवस्थित वाटला". त्या "व्यवस्थित"मध्ये साहेबांना तिरळेपणा दिसलाच नव्हता.

तर आता तुझ्याकडे येऊ. तू कलेक्शनचा माणूस. सकाळी दहाला गाडी काढतोस, कजगाव, भडगाव, कुठे पारोळ्यापर्यंत, मे महिन्यात आपल्याकडे ४५ डिग्री काय नवीन नाही, दुपारी तीनला ब्रँचला परत येतोस तेव्हा काखेत घामाचे नकाशे, कॉलर काळी, कपाळावर हेल्मेटचा पट्टा उमटलेला, वरच्या खिशात पावत्या कोंबून शर्ट एका बाजूला लोंबलेला. मी तुला पाहिलं नाहीये पण पैज लावते. आणि मॅनेजर मॅडम तुला रोज बघतात त्या याच वेळेला! इंटरव्ह्यूच्या दिवशीचा इस्त्रीचा शर्ट एक दिवसाचा, हे बाकीचे तीनशे दिवस.

म्हणून पहिला खर्च इथे कर. दोन शर्ट, सुती, फिक्या रंगाचे, गडद आकाशी घेऊ नको, त्यात घाम लगेच दिसतो. जळगावला आलास की फुले मार्केटात घे नाहीतर गावच्या टेलरकडून शिवून घे, फक्त खांद्याची शिवण खांद्यावरच आली पाहिजे, दंडावर नाही, अर्धं दिसणं तिथेच आहे. एक इस्त्रीचा शर्ट डिक्कीत पिशवीत ठेव, ब्रँचमध्ये शिरायच्या आधी तोंड-मान धुवून बदल. पावत्यांना साधी रेक्झिनची बॅग. हेल्मेटच्या आतलं अस्तर निघत असेल तर आठवड्याला धुत जा, नसेल निघत तर आत सुती रुमाल बांध. कोंडा आणि खाज तरी कमी होईल. हेल्मेटने टक्कल पडतं हे मात्र खोटं आहे, त्यामुळे हेल्मेट सोडू नको, बोअरच्या खाऱ्या पाण्याने पण टक्कल पडत नाही, लोक काहीही सांगतात.

आता ती ट्यूब.

भाऊ, आठ दिवसांत रंग उजळला म्हणतोस ना, तिथेच मला घाम फुटला. घरी जाऊन ट्यूब उलटी कर आणि बारीक अक्षरं वाच, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असलं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. २०१८ पासून असल्या मलमांवर डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची बंदी आहे पण काउंटरवरून मिळतात, तुला मिळाली तशी. पहिले काही दिवस चेहरा मस्त दिसतो, मग कातडी पातळ होते, उन्हात गेलं की आग आग, लाल चट्टे, पुटकुळ्या, बारीक लालसर शिरा दिसायला लागतात, आणि बंद केली की दुप्पट उसळतं म्हणून माणूस परत लावतो, असं ते चक्र. आणि तू तर दिवसभर उन्हात.

हे मी पुस्तकातलं सांगत नाहीये. १९९४ साली मी तेवीस वर्षांची होते, सावळी, पुढचे दात किंचित वर, आणि घरात पाहुणे बघायला येणं चालू. सहावं का सातवं स्थळ परत गेलं तेव्हा आमच्या आत्याने कुठूनशी एक ट्यूब आणली. महिनाभर मी नवरीसारखी दिसले खरं. मग गालांवर बारीक लव वाढायला लागली, उन्हात गेलं की तोंड तव्यासारखं तापायचं, आणि पुढचे दोन उन्हाळे मी पदर तोंडावर घेऊन काढले. त्यामुळे तुझी टोपी मला चांगली कळते हो, ती मी पण घातलीये, फक्त माझी नऊवार लांब होती.

आणि ट्यूबवर काहीच लिहिलेलं नसेल, नुसता डबी-बाटलीतला माल असेल, तर अजून वाईट, काही गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा निघालाय. केरळात मलप्पुरमकडे २०२३ मध्ये अशी क्रीम लावणाऱ्या लोकांच्या किडन्यांना त्रास झाल्याचं डॉक्टरांनी दाखवून दिलं. आपल्याकडे कायद्याने सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच परवानगी नाही, चुकून आला तरी डोळ्यांची प्रसाधनं सोडून बाकी मालात दहा लाखांत एक भाग एवढीच मर्यादा. ते जे १९७५ पासून घराघरात होतं त्या फेअर अँड लव्हलीला पण २०२० मध्ये नावातलं फेअर काढून ग्लो करावं लागलं, म्हणजे जग कुठे चाललंय बघ आणि आपण अजून रात्री ट्यूब चोळतोय.

ट्यूब मनाने बंद पण करू नको, चेहरा उसळेल आणि घाबरशील. त्वचेच्या डॉक्टरकडे जा, ट्यूब सोबत घेऊन जा. धुळ्याला भाऊसाहेब हिरे मेडिकल कॉलेजला किंवा जळगावच्या शासकीय मेडिकल कॉलेजला ओपीडीत दाखव, प्रायव्हेट परवडत असेल तर तसं कर. आणि त्याच डॉक्टरला डोकं दाखव, टोपी काढून. एका चकरेत दोन कामं.

आता केसांचं सांगते. पुरुषांचं जे टक्कल पडतं ते बहुतेक वेळा आनुवंशिक, डीएचटी नावाच्या हार्मोनला काही केसांची मुळं नाजूक असतात, ती हळूहळू बारीक होत जातात. तीन वर्षं हळूहळू पुढून जाताय म्हणजे तुझं तेच असावं, पण डॉक्टरला ठरवू दे, कारण थायरॉइड, रक्त कमी असणं, टायफॉइड-डेंग्यूनंतर दोन-तीन महिन्यांनी होणारी गळती, ही वेगळी असतात आणि बरीचशी भरून येतात. यावर ज्यांचा पुरावा आहे अशी औषधं मोजकी आहेत. मिनॉक्सिडिल, डोक्याला लावायचं, हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध, लोकांना नको तिथे केस यायला लागले तेव्हा कळलं. लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे उलट जास्त गळतात, तिथे बरेच लोक घाबरून सोडून देतात, चार-सहा महिने धीर धरावा लागतो आणि चालू ठेवलं तरच टिकतं. दुसरी फिनास्टेराइडची गोळी, ती डॉक्टरशिवाय अजिबात नाही, थोड्या लोकांना इच्छा कमी होणं वगैरे त्रास होतो, मन उदास होतं, लग्न व्हायचंय तुझं, आधी नीट विचारून घे, लाजू नको. कांद्याचा रस, अमुक तेल, बायोटिनच्या गोळ्या यावर पैसे घालवू नको, कांदा भाजीत घाल.

ट्रान्सप्लांट म्हणजे नवीन केस येत नाहीत रे. मागचे केस काढून पुढे लावतात. मागचा साठा ठरावीक, बँकेतल्या एफडीसारखा, एकदा मोडला की मोडला. आणि तुझी गळती अजून चालू आहे, वय २९. आज पुढे अडीच हजार ग्राफ्ट लावले आणि पाच वर्षांनी त्याच्यामागचे तुझे स्वतःचे गेले तर पुढे एक बेट आणि मागे मोकळं मैदान, मग दुसरं ऑपरेशन, आणि साठा संपलेला. म्हणून चांगला डॉक्टर आधी औषधाने गळती थांबवायला बघतो आणि वर्षभर थांब म्हणतो, आणि ऑपरेशननंतर पण औषध चालूच राहतं, हे तुला क्लिनिकने सांगितलं का? लावलेले केस पहिल्या महिन्यात गळून पडतात, परत यायला तीन-चार महिने, पूर्ण दिसायला वर्ष. म्हणजे तुझा बाराही महिन्यांचा इएमआय भरून होईल तेव्हा कुठे आरशात काम दिसेल. २१ हजारातून महिन्याला आठेक हजार! घरातला कापूस भाव बघून विकायचा असतो, केस बघून नाही, आईला सांग.

आणि ऑपरेशन कोण करणार ते विचारलंस का? नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय की हे सर्जरीचं ट्रेनिंग घेतलेल्या डॉक्टरनेच करायचं, प्लॅस्टिक सर्जन किंवा त्वचारोगाचा एमडी वगैरे, नुसत्या टेक्निशियनने नाही. फोनवर गोड बोलून "सर आजच बुक केलं तर डिस्काउंट" म्हणणारी पोरगी डॉक्टर नसते, तिला तुझ्यासारखंच टार्गेट असतं, तू तरी ओळखायला पाहिजे होतंस.

वर्षभर औषध झालं, गळती थांबली, पैसे साठवून हातात आले आणि तरी वाटलं करावं, तर खुशाल कर. मी तेव्हा नाही म्हणणार नाही.

तोपर्यंत काय, तर केस बारीक काप. हे जे लांब ठेवून एका कानावरून दुसऱ्या कानावर आडवे चिकटवतात ना, ते गाडीवर वारा आला की झेंड्यासारखं उभं राहतं, आणि माणूस लपवतोय हे लांबून कळतं. न्हाव्याला सांग एक नंबर किंवा दोन नंबर मशीन सगळीकडून सारखं. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या अल्बर्ट मॅन्सने २०१२ मध्ये लोकांना फोटो दाखवून विचारलं होतं, त्यात पूर्ण डोकं उतरवलेले पुरुष लोकांना जास्त दमदार, अगदी थोडे उंच सुद्धा वाटले, विरळ केस जपणारे मागे पडले. पण भो, तू पूर्ण वस्तरा मारू नको, आपल्या गावात गुळगुळीत डोकं घेऊन चौकात गेलास तर पहिला माणूस विचारेल "कोण गेलं रे?" आणि दिवसभर सांगत बसशील की कोणी नाही, स्टाइल आहे. मशीनच बरं. दाढी असेल तर आखून घे, नसेल तर रोज स्वच्छ, वर तुरटी फिरव. आणि उन्हात डोक्याला सनस्क्रीन नाहीतर आपला बागायती रुमाल, विरळ केसातून टाळू भाजते. ऊन आहे म्हणून रुमाल बांधणं वेगळं आणि घरात, हॉटेलात, पाहुण्यांसमोर टोपी चढवून बसणं वेगळं.

पुडीचं तू "थोडीफार" लिहिलंयस. मी तोंडाकडे बघत बावीस वर्षं बसलेय, थोडीफार कोणाची नसते. २०१२ पासून राज्यात गुटख्याला बंदी आहे आणि तरी टपरीवर मिळतो ते सोड, पण समोरचा माणूस तुझ्या डोक्याकडे नंतर बघतो, तू "नमस्कार" म्हणायला तोंड उघडलंस की आधी दात दिसतात. मुलीच्या आईला तर हमखास. टकलू जावई चालतो, पुडीवाला नको हे मी स्वतः माझ्या दोन भाच्यांच्या वेळेला ऐकलंय. आत्ता उभा राहा आणि तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघ. जात नसतील, तोंड आखडलं असेल, तिखट लागलं की जळत असेल, तर दातांचं दिसणं राहू दे बाजूला, ताबडतोब डॉक्टरला दाखव, सुपारीने तोंड आवळत जातं आणि पुढे कॅन्सरपर्यंत जाऊ शकतं. ठीक असेल तर पुडी सोड आणि मग दात साफ करून घे, सोडायच्या आधी करू नको, महिन्यात परत लाल.

इंटरव्ह्यू. "एसएमएचं काहीतरी विचारलं." अरे तू कलेक्शनला आहेस ना? हप्ता थकला की ३० दिवसांपर्यंत एसएमए शून्य, ३१ ते ६० एसएमए एक, ६१ ते ९० एसएमए दोन, आणि ९० दिवसांच्या पुढे गेलं की एनपीए, म्हणजे थकीत-बुडीत कर्ज, हे तर तुझ्या रोजच्या कामाचं नाव आहे. तू तीस घरांना जाऊन उंबऱ्यावर बसून हप्ता आणतोस, कोणाचा का थकला, कोणाचा गहू निघाल्यावर येईल, हे तुला त्या हिरोपेक्षा दहापट माहिती असणार, पण मॅडमच्या भाषेत सांगता आलं नाही. त्या पोराचे केस चांगले आहेत हे खरं, त्याला एसएमए येत होतं का ते तू लिहिलं नाहीस. मला वाटतं येत होतं. इथे केसांवर बिल फाडू नको, त्याने एक होतं की जे महिनाभरात शिकता येईल ते शिकायचं राहून जातं आणि जे वर्षभरात येईल त्याची वाट बघत बसतो आपण. एक्सेलमध्ये पोर्टफोलिओची बकेटप्रमाणे, म्हणजे तुझ्याकडच्या सगळ्या कर्जांची किती दिवस थकलं त्या गटाप्रमाणे, फाइल बनवायला शिक, महिनाअखेरीला न मागता मॅडमना दाखव. स्वच्छ शर्टात.

लग्नाचं. केसांवरून नकार देणारे असतात, आहेत, त्यांना तो हक्क आहे, तू पण फोटो बघून नको म्हटलं असशील कोणाला तरी. पण मला एक सांग, बायोडाटावर फोटो कोणता लावलाय? टोपीतला ना, नाहीतर चार वर्षांपूर्वीचा. मामांचं वागणं उद्धटच होतं, त्यात वाद नाही, पण त्यांच्या जागी बसून बघ, फोटोत केस, समोर टोपी, मामाला वाटलं पोरगा काहीतरी लपवतोय, अजून काय काय लपवलं असेल. आत्ताचा फोटो लाव, बारीक केसांचा, उजेडात काढलेला. येणारी स्थळं कमी होतील कदाचित. पण जी येतील ती डोकं बघून आलेली असतील, कोणी टोपी काढायला लावणार नाही.

आमचे हे मला बघायला आले तेव्हा एकतिसाव्या वर्षी निम्मं डोकं साफ होतं आणि काही झाकलेलं नव्हतं. मला खरं तर आवडले नव्हते पहिल्या नजरेत. पण माझ्या वडिलांना डाव्या कानाने ऐकू यायचं नाही, येणारे सगळे काकांशीच बोलायचे आणि वडील नुसते हसत बसायचे. यांनी दोन वाक्यांत ओळखलं, खुर्ची उचलली आणि उजव्या बाजूला जाऊन बसले, कापसाचं काय ते बोलत राहिले. मी आतून बघत होते, पोहे गार झाले. आणि ते म्हणतात त्यांनी माझे दात बघितले नव्हते. खोटं असेल, पण तीस वर्षं खोटं नीट सांभाळलंय.

राहिला तुझा जीव. लग्नांना जात नाहीस, मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिवसातून कितीदा डोकं बघतोस? २००० साली कॉर्नेल विद्यापीठातल्या मुलांना एका गायकाचा फोटो असलेला लाजिरवाणा टी-शर्ट घालून लोकांत पाठवलं होतं, त्यांना वाटलं निम्म्या लोकांनी बघितला, प्रत्यक्षात साधारण चौघांत एकाने. लोक आपापल्या पोटाकडे, आपापल्या टकलाकडे बघत असतात. पण हे वाचून सुद्धा दिवसात दोनेक तास आरशात जात असतील, झोप उडाली असेल, कामावर जावंसं वाटत नसेल, तर १४४१६ वर फोन कर, सरकारचं टेलिमानस आहे, मनाच्या त्रासासाठीची हेल्पलाइन, फुकट आहे, मराठीत बोलतात. कारण त्या अवस्थेत ऑपरेशन करून घेणाऱ्यांचं बऱ्याचदा समाधान होत नाही, केस येतात आणि मग नाक छळायला लागतं.

हळदीला जा. आदल्या दिवशी न्हाव्याकडे जाऊन ये, पिवळा होणारच आहेस म्हणून जुना शर्ट घाल, पोरं "काय रे भो, हिरवळ कुठं गेली" म्हणतील दहा मिनिटं, तू पण त्यांच्या पोटावर बोल. फोटो काढतील तेव्हा मधे उभा राहा, त्यातलाच एखादा बरा निघाला तर बायोडाटाला चालेल, फक्त हळद पुसून काढलेला. आणि ट्यूबवर काय नाव निघालं ते मला कळव, ते आधी.